इंदूरच्या बाजूने

श्रावणातली कानबाई देवी चौरंगावर बसली, आरती झाली, रोट तव्यावर पडायला लागले, तरी वाल्मिकदादाचा फोन काही थांबेना. ओट्यावर येरझारा घालत तो जो भेटेल त्याला एकच बातमी पहिल्यापासून सांगत होता.

"हां हां, बंगळूर! अरे भाऊ, साधंसुधं कॉलेज नाही ते. सगळ्या देशातनं निवडून निवडून घेतात. आता पीएचडी करूनच बाहेर पडणार पोरगी... शुं वात करो छो! तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला सांगणार?"

स्वयंपाकघरात जयश्री गंगाफळ चिरत होती. भावाचा आवाज कानावर पडला की तिच्या ओठांवर हसू यायचं. डाइंग मिलमध्ये मास्टर म्हणून उभा जन्म रंगाच्या वाफेत काढलेला तिचा हा थोरला भाऊ, पोरीच्या यशाने असा पोरासारखा झालेला तिने पहिल्यांदाच बघितला होता. आणि त्या यशात तिचाही वाटा होताच. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मयुरीला समोर बसवून देशभरातल्या संस्थांचे अर्ज तिनेच भरून घेतले होते. स्वतः जयश्री सुरतेत, उधन्याच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन ती वेगळ्या घरात गेली होती, त्यामुळे फक्त कुळातल्यांनीच खायचा कानबाईचा रोट आता तिच्या पानात पडायचा नाही. पण या घरातला एकही मोठा निर्णय तिला विचारल्याशिवाय व्हायचा नाही.

"वाल्मिक, फोन ठेव आते," आतून त्याची आई, धुरपदाबाई ओरडली. "माय बठेल शे घरमा, तिना मोरे तरी गप ऱ्हाय."

म्हातारी कानबाईच्या समोर पाट मांडून बसली होती. देवीच्या नथीवरून, हिरव्या लुगड्यावरून तिची नजर हलत नव्हती, पण कान सगळ्या घरभर होते.

"जयूताई," रोट उलटता उलटता रंजनावहिनी हळूच म्हणाली, "ते इंदूरचं अगदीच सोडून द्यायचं का हो?"

"वहिनी, बंगळूर मिळालंय. बंगळूर मिळाल्यावर इंदूरचा विचार कोण करतं?"

"तसं नाही. इंदूर म्हणजे रात्री बसमध्ये बसलं की सकाळी तिथं. बंगळूरला पोर आजारी पडली तर मी पोहोचणार कधी?"

आईचं मन आहे, असं मनाशी म्हणून जयश्रीने ते बाजूला सारलं. मयुरीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. बंगळूरच्या संस्थेत भौतिकशास्त्राची सीट होती. एमएस्सी आणि पीएचडी सलग, सहा-सात वर्षांचा मामला, वर विद्यावेतन. इंदूरला नुसती दोन वर्षांची एमएस्सी, खगोलशास्त्राची. आज संध्याकाळपर्यंत दोन्हींपैकी एका ठिकाणी ऑनलाइन होकार द्यायचा होता. होकार दिला नाही तर सीट यादीतल्या पुढच्या पोराला जाणार. जयश्रीच्या मते यात ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मयुरी मात्र सकाळपासून गप्प होती. तिने रांगोळी काढली, आरतीला टाळ धरला, आजीच्या पाया पडली आणि वर गच्चीत, धाब्यावर निघून गेली.

---

दुपारी बारडोलीहून निंबाआप्पा आला. वाल्मिकपेक्षा धाकटा, जयश्रीपेक्षा मोठा. साखर कारखान्यात कायम झाल्यापासून त्याच्या चालण्याबोलण्यात एक भारदस्तपणा आला होता. पायातल्या चपला काढायच्या आधीच त्याने विचारलं, "मग? काय ठरलं पोरीचं?"

"बंगळूर," वाल्मिकदादा म्हणाला.

"इंदूर बरं," आप्पा म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

जेवणाच्या पंगतीत त्याने तो विषय पुन्हा काढला. एका बाजूला दोघे भाऊ आणि चेतन, म्हणजे मयुरीचा थोरला भाऊ, जो पर्वत पाटियाच्या साडी मार्केटात कामाला होता. समोर मयुरी आणि आजी. रंजनावहिनी वाढत होती. जयश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"मी काय वावगं बोललो दादा? इंदूरच्या रस्त्यावर आपलं गाव लागतं. शिरपूर लागतं. दहा ओळखीची घरं आहेत वाटेवर. बंगळूरला आहे का कोणी आपलं?"

"तिथं ती पाव्हण्यांकडे राहायला नाही, शिकायला चालली आहे," जयश्री म्हणाली.

"शिकणं इंदूरलाही होतंच ना, जयू? आणि दोन वर्षांत मोकळी होते पोरगी. सात वर्षं म्हणजे... वय कुठं जातं बघ जरा."

वहिनीचा वाढता हात थांबला. जयश्रीच्या लक्षात आलं की वहिनीला हे आधीच माहीत आहे.

"कोण आहे शिरपूरला, आप्पा?" तिने सरळ विचारलं.

आप्पाने खिरीचा घोट घेतला. "आहे एक घर. आपल्या रंजनावहिनीच्या मावसबहिणीकडचं. पोरगा सूतगिरणीत इंजिनिअर आहे. एकदम सोज्वळ. शिकलेलीच मुलगी पाहिजे म्हणतात. इंदूरला असली की येता-जाता बघणं होऊन जाईल, गाजावाजा नको काही नको. मी काही शब्द दिलेला नाही."

"दिल्यासारखंच बोलतोयस तू," वाल्मिकदादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मी पोरीला शिकायला पाठवतोय का शिरपूरला दाखवायला?"

"दादा, तू उगाच..."

"इंदूरना रस्तावर आपलं गाव शे," धुरपदाबाई मध्येच म्हणाली. "येता-जाता पोर भेटी जाई माले. दिवाईले मी गावलेच ऱ्हास."

म्हणजे आई, आप्पा आणि वहिनी इंदूरच्या बाजूने. दादा आणि आपण बंगळूरच्या. जयश्रीने मनातल्या मनात दोन फळ्या मांडून पाहिल्या. चेतन खाली मान घालून जेवत होता, तो कोणाच्याच बाजूने दिसत नव्हता.

तेवढ्यात मयुरी बोलली. आवाज इतका बारीक होता की आधी कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

"मला इंदूर चालेल."

पंगत थांबली. वाल्मिकदादाच्या हातातला घास तसाच राहिला.

"चालेल म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे... मला इंदूरच हवंय, पप्पा."

निंबाआप्पाच्या तोंडावर समाधान पसरलं. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा! पोर शहाणी आहे. मोठ्यांचं मन कळतं तिला."

ते वाक्य ऐकलं मात्र, आणि जयश्रीच्या डोक्यात सणक गेली. मोठ्यांचं मन! म्हणजे यांनी आधीच पोरीला गाठून तिच्या कानात काही भरलं होतं. शिरपूरचं घर, सोज्वळ इंजिनिअर, आजीची दिवाळी, आईची काळजी, असं सगळ्या बाजूंनी घेरून पोरीला झुकवलं होतं. आणि ही झुकली होती. ज्या पोरीला चौथीत असताना आपण हात धरून विज्ञान केंद्रात तारांगण दाखवायला नेलं, ती आता बंगळूर सोडून 'इंदूर चालेल' म्हणत होती.

"मयुरी, तुला कोणी काही बोललंय का?" तिने विचारलं.

"नाही आत्या."

"मग कशाला घाबरतेस?"

मयुरीने एकदा आप्पाकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मी घाबरत नाहीये," ती म्हणाली आणि अर्धं पान तसंच टाकून उठून गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग धाब्याचं दार.

वाल्मिकदादाने हात धुतले. त्याने जयश्रीला बाजूच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"तुझ्या फोनमध्ये तिचं ते खातं उघडतं ना? अर्ज तूच भरलेस."

"हो."

"मग दे होकार. बंगळूरला. आत्ताच्या आत्ता. पोर आहे, रडेल दोन दिवस. पुढं आयुष्यभर नाव घेईल तुझं."

"तिला न विचारता?"

"तिला विचारलं तर ती निंबाचं ऐकेल. तू काय ते बघ जयू. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू सांगशील ते बरोबर असतं, एवढं कळतं."

तो बाहेर गेला. जयश्री पलंगाच्या कडेवर बसली. तिने फोन उघडला. पासवर्ड तिला तोंडपाठ होता, तिनेच ठेवला होता. पडद्यावर मयुरीचा फोटो आला, त्याखाली संस्थेचं नाव, आणि त्याखाली एक हिरवं बटण. ते दाबलं की झालं. शिरपूर संपलं, आप्पाचं राजकारण संपलं.

एकेकाळी पुण्याला एमएस्सीला जायची तिची स्वतःची सगळी तयारी झाली होती. बॅगसुद्धा भरून झाली होती. मग वडील गेले, घर उघड्यावर पडलं, आणि ती इथेच राहून बी.एड. झाली. तिने त्याचं दुःख कधी बोलून दाखवलं नाही, पण गेल्या वर्षी मयुरीचे अर्ज भरताना कित्येकदा तिला वाटलं होतं की आपण आपलीच बॅग पुन्हा भरतो आहोत.

अंगठा बटणाच्या वर होता, तेवढ्यात दार वाजलं. चेतन होता. त्याने फोनकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगलं.

"आत्या, दाबलं का?"

"अजून नाही."

"मग एक ऐक. ती बंगळूरला हो म्हणणार होती. परवापर्यंत. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"आत्याने एवढं केलं, आत्याला वाईट वाटेल, असं म्हणत होती. मी म्हटलं, सरळ सांग ना आत्याला. तर म्हणाली, माझी हिंमत नाही. आप्पाचं त्या शिरपूरचं तिला आज जेवतानाच कळलं, मला पण. ती इंदूर म्हणते ते त्याच्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

"ते मला नाही सांगता येणार. मी आपला साड्यांची खोकी उचलणारा माणूस. तू वर जा. आपल्या मार्केटातली खोकी आणून दिली होती मी तिला, त्याचं काय केलंय ते बघ."

जयश्रीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

---

धाब्यावर ढगांचं मळकट छत होतं. ऊन नव्हतं, पण उकाडा होता. दूर कारखान्यांच्या चिमण्या धूर सोडत होत्या, आणि शेजारच्या गल्लीतून दुसऱ्या कोणाच्या तरी कानबाईची गाणी लाऊडस्पीकरवर ऐकू येत होती. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मयुरी जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर लॅपटॉप. आणि तिच्या बाजूला एक भलंमोठं चौकोनी नरसाळं, पुठ्ठ्याचं, आतून चंदेरी कागदाने मढवलेलं, विटांच्या आधारावर तिरकं उभं केलेलं. पुठ्ठ्यावर अजून साडीच्या दुकानाचं नाव वाचता येत होतं.

"हे काय आहे गं?" जयश्रीने विचारलं.

मयुरीने घाईघाईने डोळे पुसले. "कर्णा आहे, आत्या. बोलायचा नाही, ऐकायचा. मी आणि माझ्या वर्गातल्या सोनालीने मिळून केलाय. कॉलेजच्या प्रोजेक्टला केला होता, पण नंतर मी सोडलाच नाही."

"काय ऐकतेस?"

मयुरीने लॅपटॉप आत्याकडे वळवला. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ होती आणि मध्यभागी तिला एक उंचवटा आला होता, उंटाच्या पाठीसारखा.

"हा हायड्रोजन आहे. आपल्या आकाशगंगेतला. तो अगदी बारीक रेडिओलहर सोडतो, सगळीकडून. आत्ता तिकडे, आग्नेयेला, त्या टॉवरच्या मागे आकाशगंगेचा मधला भाग वर येतोय. ढगांच्या पलीकडे. आपल्याला काही दिसत नाही, पण त्याला ढगांचं काही नाही, उजेडाचंही काही नाही."

"भरदिवसा?"

"भरदिवसा. हे बघ." तिने उठून नरसाळं दुसऱ्या बाजूला, उत्तरेकडे वळवलं. दोघी थांबल्या. रेघ हळूहळू पुन्हा भरत गेली, आणि या वेळी उंचवटा जवळजवळ गेला होता. मग तिने ते परत होतं तिकडे फिरवलं. बऱ्याच वेळाने पाठ पुन्हा वर आली.

जयश्री बघत राहिली. वर्षानुवर्षं ती मुलांना आकाशगंगा फळ्यावर काढून दाखवत आली होती, खडूने, एक चपटी चकती. ती खरीच तिथे आहे, आत्ता, या उकाड्यात, कोणाच्या तरी घराच्या टॉवरमागे, हे तिला असं कधी जाणवलं नव्हतं.

"मला हे का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते दोनदा. तू बंगळूरच्या हॉस्टेलचे फोटो दाखवत होतीस."

जयश्री जमिनीवर टेकली. मयुरी तिच्याशेजारी बसली आणि मग जे इतके दिवस अडलं होतं ते भडाभडा बोलत सुटली.

"आत्या, बंगळूरला मिळालंय ते फिजिक्समध्ये. खगोलशास्त्र मिळेलच असं नाही. मी तिथल्या एका सीनियर मुलीशी बोलले. दुसऱ्या वर्षानंतर गाईड मिळतो. जागा असेल तो घ्यायचा. तिला तारे हवे होते, ती आता चुंबकांवर काम करते. वाईट नाही म्हणाली, पण सवय करून घ्यावी लागली. आणि मध्येच सोडता येत नाही. सोडलं तर सगळ्यांना वाटतं, झेपलं नाही. इंदूरला पहिल्या दिवसापासून हेच. हे असलं. रेडिओदुर्बिणींचा डेटा घेऊन काम करतात मुलं. प्रोजेक्टच्या आधी मी तिथल्या एका मॅडमना मेल केला होता. त्यांनी मला माझ्या या कर्ण्याची चूक शोधून दिली, अनोळखी मुलीला! दोन वर्षं केल्यावर मला कळेल की मी याच्यात जन्म काढू शकते की नाही. आत्ता मला ते माहीत नाही, आत्या. खरंच नाही. कळलं की मग पीएचडीला कुठेही अर्ज करेन. बंगळूरलाही करेन."

"आणि नाव? बंगळूरचं नाव वेगळं असतं, मयुरी. पुढे उपयोगी पडतं ते."

"पडतं. मी ते सोडतेय, मला माहीत आहे. त्याचीच भीती वाटते. म्हणून तर तुझं काय म्हणणं ते ऐकायचं होतं. पण तुझं आधीच ठरलेलं होतं."

जयश्रीला हे लागलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. पोर पळत नव्हती, झुकत तर मुळीच नव्हती. जे सगळ्यांना लहान वाटत होतं ते तिने विचार करून निवडलं होतं. तिचं दुर्दैव एवढंच, की तिच्या बाजूला उभे राहिले ते सगळे भलत्याच कारणांसाठी.

"तुझा पप्पा मला म्हणाला बंगळूरला होकार दे म्हणून," ती म्हणाली. "माझ्या फोनवरून."

मयुरीचा चेहरा पांढरा पडला. "दिलास?"

"नाही. आता तो पासवर्ड बदलून टाक. आणि खाली चल. हे सगळं तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

खाली जायची वेळच आली नाही. बराच वेळ झाला तरी दोघी खाली आल्या नाहीत म्हणून वाल्मिकदादा वर आला होता, त्याच्यामागे निंबाआप्पा, त्याच्यामागे हाताला पीठ लागलेली वहिनी. चेतन आजीला एकेक पायरी चढवत शेवटी आला.

"दिला का होकार?" दादाने विचारलं.

"नाही," जयश्री म्हणाली. "मी आता इंदूरच्या बाजूने आहे."

"जयू!"

"आधी तिचं ऐका."

मयुरी उभी राहिली. आधी ती निंबाआप्पाकडे वळली, आणि तिचा आवाज आता दुपारसारखा बारीक नव्हता. "आप्पा, मी इंदूरला गेले तर शिरपूरला उतरणार नाही. मला बघायला कोणी यायचं नाही, दोन वर्षं तरी. तुम्ही त्यांना आजच फोन करून सांगा, नाहीतर मी करते."

आप्पा एक पाऊल पुढे आला. "म्हणजे? मी तुझ्या भल्याचं..."

"ठाऊक आहे. पण नाही."

"मग इंदूर तरी कशाला?" आप्पाने एकदम पवित्रा बदलला. "इथंच सुरतला कर एमएस्सी. घरचं जेवण, घरचं छप्पर. एवढा हट्ट असेल तर..."

"आप्पा, पुरे," रंजनावहिनी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. दिरासमोर तिने असा आवाज काढलेला कोणाला आठवत नव्हता. "मला ते घर पसंत होतं, मी खोटं नाही बोलणार. जवळ राहील म्हणून मला इंदूर हवं होतं, तेही खरं. पण पोरीने नाही म्हटलंय. विषय संपला."

"पोरले कोन्ही इचारं का?" धुरपदाबाई धापा टाकत टाकीच्या कट्ट्यावर टेकली. "सकायपासून सगळा बोली ऱ्हायनात. तिले बोलू द्या ना आते."

मग मयुरी बोलली. आत्याला सांगितलं तेच, पण सावकाश, बापाकडे बघत. बंगळूरला काय मिळणार आणि काय नाही. इंदूरला काय आहे. तिने त्याला नरसाळ्याजवळ बसवलं, पडद्यावरची रेघ दाखवली, ते फिरवून दाखवलं. वाल्मिकदादा गुडघ्यांवर हात ठेवून बघत होता. त्याला किती समजत होतं ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"पप्पा, बंगळूरला गेले तर तुम्हाला लोकांना सांगता येईल की मी कुठे आहे," ती शेवटी म्हणाली. "इंदूरला गेले तर मला तुम्हाला सांगता येईल की मी काय करते."

दादा पडद्यावरच्या रेघेकडेच बघत होता. शेजारच्या गल्लीतलं गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"फसलं तर?" त्याने विचारलं. "दोन वर्षांनी म्हणालीस की नाही आवडलं?"

"तर मी स्वतः येऊन सांगेन. लपवणार नाही."

"बंगळूरला पैसे देत होते. इंदूरला फी आहे."

"शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय. नाही मिळाली तर ट्यूशन घेईन."

"ट्यूशनबिशन नको. ते मी बघतो," तो पुटपुटला, आणि मग एकदम कळवळून म्हणाला, "पण मी सगळ्या मिलला सांगून बसलोय ना गं! शेठला सांगितलं. सगळ्या गल्लीला सांगितलं."

"मग परत सांगा," रंजनावहिनी म्हणाली. "फोन तर तुमचा चालूच असतो."

चेतन आधी हसला, मग जयश्री, मग निंबाआप्पासुद्धा, नको नको म्हणत. दादाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्याने मयुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून जयश्रीकडे पाहिलं. "तुला खात्री आहे ना, जयू?"

"नाही," जयश्री म्हणाली. "पण तिने विचार केलाय. माझ्यापेक्षा जास्त केलाय. बंगळूर मला हवं होतं, दादा. तिला नव्हतं."

मयुरीने स्वतःचा फोन काढला. सगळ्यांच्या देखत, टाकीशेजारी उभी राहून, तिने इंदूरला होकार दिला. मग बंगळूरला नकार. दुसऱ्या वेळी तिचा अंगठा जरा अडखळला, हे फक्त जयश्रीने पाहिलं.

---

श्रावण सरायच्या आत निघायचा दिवस आला. स्लीपर बसची दोन तिकिटं चेतनने काढली होती, कारण वाल्मिकदादाने मिलमधून रजा घेतली होती. पोरीला सोडून, तिची खोली बघून, तिच्या त्या मॅडमना भेटूनच येणार म्हणाला. बस सुटायच्या जागेवर सगळं घर जमलं होतं. वहिनीने डब्यावर डबा चढवला होता. धुरपदाबाईने नातीची अलाबला घेऊन कडाकडा बोटं मोडली आणि "सुखी ऱ्हाय माय, वखतवर जेवत जाय," म्हणत तिचा हात बराच वेळ सोडला नाही. बारडोलीहून निंबाआप्पाचा फोन आला. तो अजून थोडा फुगलेलाच होता, पण शेवटी म्हणाला, "शिरपूरला बस जेवायला थांबते. पोटभर जेव. कोणी भेटायला येणार नाही, मी सांगून टाकलंय."

बॅगा चढवून झाल्यावर दादा जयश्रीला बाजूला घेऊन म्हणाला, "तू पण चल ना. आयत्या वेळी तिकीट मिळेल. तिथं त्या मॅडमना काय विचारायचं, मला काय कळणार? तू असलीस म्हणजे..."

जयश्रीला मोह झाला. ते डिपार्टमेंट, त्या दुर्बिणीचा डेटा, ती मुलं, सगळं डोळ्यांनी बघावंसं वाटत होतं. तिने मयुरीकडे पाहिलं. मयुरी बसच्या पायरीवर उभी राहून कंडक्टरला सामान कुठे ठेवायचं ते समजावत होती.

"माझं काय काम तिथं?" ती म्हणाली. "जे विचारायचं ते तिला विचार. रात्रभराचा वेळ आहे तुम्हा दोघांकडे."

"आणि मला नाही समजलं तर?"

"तर पुन्हा विचार. ती शिकवेल."

दादा मान हलवत चढला. बसने हॉर्न दिला. वहिनी डोळ्याला पदर लावून चालत्या बसबरोबर चार पावलं गेली. जयश्री जागच्या जागी उभी राहून बघत होती. बस वळताना खिडकीतला दिवा लागला, आणि आत वाल्मिकदादा पोरीकडे पूर्ण वळून बसलेला दिसला. तो काहीतरी विचारत होता, आणि मयुरी दोन्ही हात लांब पसरून त्याला सांगत होती.